पंखांचा नियम

थोरला भाऊ दातांच्या कवळ्या बनवायचा. दर रविवारी दुपारी तो आपल्या कामाच्या खोलीतलं टेबल रिकामं करायचा. प्लास्टरचे जबडे फळीवर जायचे आणि टेबलावर खेळाचा नकाशा पसरायचा. त्या खेळातलं जग त्याचं, राक्षस त्याचे, दऱ्याखोरी त्याची. तो सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते बोलायचं आणि फासे टाकायचे. अकरा वर्षं धाकटा भाऊ शिकारी होता आणि खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर शिपाईगडी.

मग धाकट्याचं लग्न झालं आणि त्याची बायको खेळायला येऊ लागली. ती आठवडाभर वीज कचेरीच्या तक्रार खिडकीवर बसून लोकांची बोलणी खायची.

"पंख असलेली बाई घेतली तर चालेल का, भाऊजी?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"चालेल की," थोरला म्हणाला. त्याच्या नियमांच्या वहीत उडणारी जमात लिहिलेली होती, पण आजवर कुणी ती घेतली नव्हती. त्याने कवळीच्या गुलाबी मसाल्यातून तिला बोटभर मूर्ती करून दिली. तिने चार संध्याकाळी बसून पंखांचं एकेक पीस रंगवलं.

पुढच्या रविवारी दरी आली. थोरल्याने ती तीन आठवडे खपून आखली होती: कुजका पूल, खाली मगरी, पलीकडे पहारेकरी.

"मी दोर घेऊन उडते," ती म्हणाली. "पलीकडच्या झाडाला बांधते."

पाच मिनिटांत सगळे पार. कंपाउंडर हसून हसून खोकायला लागला. "तीन आठवडे पाण्यात गेले रे तुझे."

मग भुलभुलैया आला. तिने वरून पाहिला आणि वाट सांगितली. बुरूज आला, तिने खिडकीतून आत जाऊन दार उघडलं. थोरला वरवर हसायचा; पण तिने तोंड उघडलं, की त्याच्या हातातली पेन्सिल थांबायची.

"अरे, सोपं आहे," कंपाउंडरने त्याला एकटं गाठून सांगितलं. "सहा श्वासांपुरतंच उडता येतं म्हण. ओझं घेऊन उडता येत नाही म्हण. तीही मानेल, शहाणी आहे."

"खेळ चालू असताना नियम बदलला तर मी हरलो असं होईल," थोरला म्हणाला.

त्याने नियम बदलला नाही. पुढच्या रविवारी जंगलात एक म्हातारी मांत्रिकीण आणली आणि ती थेट शिकाऱ्याशीच बोलली. कधीही न चुकणारं धनुष्य हवं? देते. फक्त पहिला बाण पंखवालीच्या पंखांवर सोडायचा.

ते धनुष्य धाकटा किती वर्षं शोधतोय, हे थोरल्याला पक्कं माहीत होतं. धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे त्याच्याकडेच पाहत होती.

"माझा शिकारी घेईल," तो म्हणाला. "म्हणजे, त्याचा स्वभावच तसा आहे ना."

बाण न चुकणारा होता, त्यामुळे फासे टाकायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही पंख गेल्याचं थोरल्याने जाहीर केलं. मग तो उठला, तिची मूर्ती घेऊन घासायच्या यंत्राशी गेला. यंत्र कर्रकर्र वाजलं, जळक्या मसाल्याचा वास सुटला. त्याने मूर्ती फुंकून तिच्यापुढे ठेवली. पाठीवर दोन गुलाबी चट्टे होते.

"पात्र जसं, तशीच मूर्ती हवी," तो म्हणाला.

"चार संध्याकाळी बसून रंगवले होते रे तिने," कंपाउंडर पुटपुटला.

पुढचे दोन रविवार ती आली आणि आपली पाळी आली की म्हणायची, "मी चालते." तेवढंच. राक्षस आला तरी चालते, खजिना दिसला तरी चालते. धाकट्याचं धनुष्य एकदाही चुकलं नाही आणि त्याचं कौतुक कुणीही केलं नाही. खेळ असा बेचव झाला, की कंपाउंडर घड्याळ बघू लागला.

तिसऱ्या रविवारी गड होता. दोर घेऊन वर उडणारं कुणी नव्हतं; शिपाईगडी तटावरून पडून मेला. तेव्हा थोरल्याने वहीतून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"वाटेत एक वैद्य भेटतो. पंख परत मिळतील. हे नवे नियम."

तिने कागद पूर्ण वाचला. सहा श्वास, मग जमिनीवर टेकायचं. ओझं नाही. जोराच्या वाऱ्यात दोन फासे टाकायचे. आठवडाभर विचार करून लिहिलेलं होतं, खाडाखोड होती. तिने पेन्सिल मागितली आणि वाऱ्याच्या ओळीतला आकडा दुरुस्त केला.

"इथे तीन हवेत, दोन नाहीत. बाकी नियम चांगला आहे, भाऊजी. पहिल्या दिवशी दिला असता तर मी आनंदाने मानला असता."

"मग घे ना पंख."

"नको." तिने पर्स उचलली आणि नवऱ्याला विचारलं, "येतोस?"

धाकट्याने नकाशाकडे पाहिलं. गडाचं दार त्याच्या शिकाऱ्यापासून दोनच चौकोन दूर होतं.

"माझी पाळी आहे गं," तो म्हणाला. "एवढं झालं की येतो."

ती जिना उतरून गेली. दवाखान्याचं दार वाजेपर्यंत तिघांपैकी कुणी फाशांना हात लावला नाही. मग धाकट्याने लावला.

तो घरी गेला तेव्हा तिने ताट वाढून ठेवलं होतं.

"मिळाला गड?"

"मिळाला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यानंतर तिने खेळाबद्दल त्याला कधीही काही विचारलं नाही. हळूहळू इतर गोष्टींबद्दलही विचारणं सोडलं. तो मात्र दर रविवारी जात राहिला. घरी बसून करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.