टोपीखालचे तेल

मित्रांनो, पाचूबंदरच्या वाळूत चाकांपर्यंत रुतलेली, टपावर जाळी वाळत घातलेली जी मोटार तुम्हाला दिसते, ती मी. कोंबड्या माझ्या बैठकीवर अंडी घालतात, म्हणून हसू नका. एके काळी मीही रुबाबात धावले आहे.

माझा जन्म साहेबाच्या देशातला. मोठ्या लढाईत मी लष्कराच्या चाकरीत होते. लढाई संपली तसे मला लिलावात उभे केले आणि पास्कल कोळ्याने मला घरी आणले. त्याने माझी मागची बैठक उपटली आणि तिथे मासळीच्या पाट्या रचल्या. साहेबांना वाहणारी मी बोंबील वाहू लागले! आधी नाक मुरडले, मग सवय झाली. रोज सकाळी वसई रोड स्टेशन गाठायचे. पास्कल मला कौतुकाने 'सुकी होडी' म्हणायचा. त्याची लहानगी विनी शेजारी बसून भोंगा वाजवायची. तिच्यासारखे लाड माझे कुणीच केले नाहीत.

कोळ्याची माया तेलात असते. खाऱ्या वाऱ्याने लाकूड कुजते, लोखंड गंजते. म्हणून पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांना मुशी माशाचे दाट, उग्र तेल पाजायचे, ही इथली रीत. एक्कावन्न सालच्या पावसाळ्यात होडीचे काम उरकले आणि पास्कलचा मोर्चा माझ्याकडे वळला. मिस्त्री कशाला, घरचीच तर गाडी!

माझ्या इंजिनात एक काळी टोपी आहे. तिच्याखाली दोन इवल्याशा टिकल्या असतात. ड्रायव्हर लोक त्यांना पॉइंट म्हणतात. त्या एकमेकींना टेकतात, सुटतात, तेव्हा ठिणगी पडते. त्या कोरड्याच हव्यात. पास्कलने त्या घासून लख्ख केल्या आणि गंजू नयेत म्हणून वरून बोटाने मुशीचे तेल चोपडले. टोपीचे चिमटे लावून तो समाधानाने हसला. मला ओरडावेसे वाटले. पण आम्हा यंत्रांना तोंड कुठे असते?

त्याच आठवड्यात विनीचा घसा धरला. वसईच्या डॉक्टरांनी तिच्या घशातला पांढरा पापुद्रा पाहिला आणि सांगितले, "घटसर्प आहे. यावरचे औषध मुंबईच्या इस्पितळात मिळेल. दुपारची आगगाडी चुकवू नका."

विनीच्या आईने, क्लेमेंटीनने, लेकीला चादरीत गुंडाळून माझ्यात बसवले. "आये, पानी," विनी म्हणाली. पण तिला घोट गिळता येईना. पास्कलने हँडल मारले. मी नुसती कण्हले. त्याने पुन्हा मारले, पुन्हा मारले. त्याचा सदरा घामाने भिजला, तरी माझ्यात धुगधुगी येईना.

शेजारचा बेसिल धावत आला. तो मिठाच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. त्याने पेट्रोलची नळी सोडली; पेट्रोल येत होते. मग विनीकडे वळून म्हणाला, "बाय, भोंगा वाजव बघू." विनीने दोन्ही हातांनी दाबला आणि तो खणखणीत वाजला. बॅटरीही ठीक होती. शेवटी त्याने प्लग काढून लोखंडाला टेकवला, पास्कलने हँडल फिरवले. ठिणगी नाही.

"पास्कलदादा, करंट येत नाय. टोपी उघडू दे."

"ती मी सोता साफ केलीय. तिथं माझा हात फिरलाय. दुसरं बघ."

"एकदा बघून तर घेतो."

"नको सांगितलं ना! माझी पोर तिथं घुसमटते, आन् तू माझंच काम तपासतोस?"

बेसिल मागे सरला. बापाशी त्या वेळी कोण वाद घालणार? त्याने तारा तपासल्या, बाकीचे प्लग पुसले. ज्या एका जागी दुखणे होते, तिथे कुणाचाच हात गेला नाही.

गावातले टांगे सांडोर गावच्या लग्नाला गेले होते. अखेर गाडीवान पांडूने आपली बैलगाडी जोडली. चिखलातून ती स्टेशनावर पोहोचली, तेव्हा मुंबईची गाडी निघून गेली होती. पुढची येण्याआधीच, स्टेशनच्या बाकावर, आईच्या मांडीवर विनीचा श्वास थांबला.

तिला मातीआड करून आल्यावर पास्कल घरात गेला नाही. थेट माझ्याकडे आला आणि टोपी उघडली. आत बोट घातले, नाकाशी नेले. मुशीचे तेल! मग सदऱ्याच्या टोकाने टिकल्या पुसून त्याने हँडल मारले.

मित्रांनो, मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. त्या क्षणाइतकी लाज मला कधीच वाटली नाही. माझा आवाज ऐकून क्लेमेंटीन काळ्या लुगड्यात दारात आली. ती रडली नाही. "बंद कर ती," एवढेच म्हणाली.

पास्कलने मला बंद केले, ते कायमचे. विकलेही नाही, हातही लावला नाही.

आता मी मोडीत जाईन. त्याआधी एवढे ऐका. गाडीची निगा जरूर राखा, पण होडीची माया मोटारीला लावू नका. जिला जे हवे, तेच तिला द्या. आणि आपण केलेले काम कुणी उघडून बघू म्हणाला, तर रागावू नका. बघू द्या. माझ्या टोपीला दोनच चिमटे होते; उघडायला क्षणभर पुरला असता.