काळ्या खडकाचा वंश

सुज्ञ वाचकहो, माझ्या थोरल्या वहिनीच्या आयुष्यातील एका दुपारचा वृत्तांत मी येथे यथामती निवेदन करीत आहे. तिची भलामण करणे अथवा तिला दूषण देणे, हा माझा हेतू नाही.

सभागृह खचाखच भरले होते. काळ्या खडकावरील खाण्याच्या समुद्री गोगलगायींचा वंश पलीकडच्या किनाऱ्याहून निराळा ठरला, तरच खडक वाचणार होता. अन्यथा त्यावर बोटींसाठी धक्का बांधला जाणार होता.

“दोन्हीकडच्या नमुन्यांची जनुकं जुळतात,” संशोधक बाईंनी जाहीर केले. “इथला वंश वेगळा नाही.”

“मग आम्ही काय खायचं? सिमेंट?” मासेमारीची जाळी विणणारा जाळीवाला कडाडला.

तेवढ्यात वहिनी उठली. इथले नमुने बाईंना तिनेच आणून दिले होते. उभी हयात तिने त्या खडकावर गोगलगायी वेचल्या. ती रित्या हाताने परतत नाही, असा तिचा लौकिक होता.

“बाई, त्या आपल्या खडकावरच्या नव्हत्याच. त्या दिवशी एकही मिळाली नाही. लाज वाटली, म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बाजारातून आणून दिल्या.”

“वा काकू!” जाळीवाला म्हणाला. “तुमच्या तोऱ्यापायी आमच्या चुलीत पाणी!”

“आई, घरी चला. शोभा झाली तेवढी पुरे,” तिची सून दातओठ खात म्हणाली.

बाईंचाही चेहरा कठोर झाला. “निकाल विरुद्ध गेल्यावर हे सांगताय. विश्वास कसा ठेवू?”

“माझ्यावर नका ठेवू. ओहोटी आहे. स्वतःच्या हातानं वेचा.”

सारा जमाव किनाऱ्यापर्यंत आला. खडकावर मात्र वहिनी, बाई आणि मी असे तिघेच उतरलो. वहिनीने प्रत्येक कपारीत हात घातला. मागून हाका येत होत्या, “काकू, बाजार तिकडे आहे!”

अखेर एक सापडली.

“एकीवरून काही सिद्ध होत नाही. निदान वीस तरी हव्यात,” बाई म्हणाल्या आणि पाणी चढू लागताच परत फिरल्या. जमावही पांगला.

“वहिनी, चल आता. भरती आली.”

“थांबा भावजी. हिला धरू दे.”

गुडघाभर पाण्यात वाकून तिने ती गोगलगाय पुन्हा कपारीत टेकवली आणि ती खडकाला घट्ट चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.

आपण आपला बहुमोल वेळ माझ्या वहिनीसाठी दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

— बोटींना डांबर लावणारा, डांबरदादा