रोडावलेली झाडं

सरकारी विद्यापीठाच्या निसर्गसंवर्धन विभागात एक सर होते. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं शोकसभा. वर्गात आले की ते आधी चष्मा पुसायचे आणि मग जगातून नवीन काय काय नाहीसं झालं ते सांगायचे. नद्या आटल्या, बेडूक संपले, माती वाहून गेली. तास सुटला की मुलं कुणाला तरी पोहोचवून आल्यासारखी कँटीनकडे चालू लागायची.

त्यातही सरांचं खास घरचं दुःख म्हणजे विद्यापीठामागचं छोटं जंगल. तिथली नंबर घातलेली झाडं ते दरवर्षी मुलांकडून मोजून घ्यायचे, आणि गेली काही वर्षं उत्तर एकच यायचं. खोडं वाढत नाहीत. काही तर चक्क रोडावलीत. सरांनी त्यावर लेख लिहिले, भाषणं ठोकली. एकदा म्हणे जंगलात एकटेच जाऊन रडलेही.

यंदा मोजणी आली पिटुकलीकडे. नाव घरचं, पण वर्गाने ते लगेच उचललं, कारण फळ्याचा वरचा अर्धा भाग तिच्या हाताला कधी लागलाच नव्हता. तिने आणि तिच्याच उंचीच्या मैत्रिणीने चिखल तुडवत सगळी झाडं मोजली. आकडे पाहून सर खुर्चीतून उठलेच. एकूण एक झाड जाडजूड झालं होतं!

"पोरी, मी आयुष्यात पहिल्यांदा चांगली बातमी सांगणार," सर म्हणाले. "उद्या. सगळ्या विभागापुढे." त्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी तिला चहा पाजला, वर बिस्किटांचा अख्खा पुडा दिला.

घरी जेवताना पिटुकलीने हे सगळं ऐटीत सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला. दादा म्हणजे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातला ताडमाड गडी. सकाळी सरावाच्या वेळी निसर्गसंवर्धनाचे तास नसतात, म्हणून हा विषय घेण्याची रीत संघात वारशासारखी चालत आली होती.

"काहीतरीच काय! माझ्या वर्षी रोडावली होती. मी स्वतः मोजलीयत."

"तुला टेप तरी धरता येते का रे?"

"सरांच्या कागदावर काय लिहिलंय? छातीच्या उंचीवर टेप गुंडाळा. ही बघ, इथे गुंडाळली!" दादाने उठून स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपल्या छातीपाशी हात ठेवला.

"मग मी पण तिथेच गुंडाळली," म्हणत पिटुकलीने शेजारी आपल्या छातीपाशी हात ठेवला.

ताटं उचलता उचलता आई थांबली. दोन हातांच्या मध्ये चौकटीचा भलामोठा तुकडा रिकामा होता.

"झाड खाली जाड असतं ना गं?" तिने विचारलं.

पिटुकलीच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसावं असं तिला अगदी मनापासून वाटलं. बोललं तर त्या माणसाचा जन्मातला एक आनंद तिच्याच हातून जाणार होता. नाही बोललं तर सगळ्या विभागापुढे त्याचं हसं होणार होतं.

सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अगं, छातीची उंची म्हणजे जमिनीपासून ठरलेली उंची! सगळ्यांना एकच!" म्हणत सरांनी आपला सूचनांचा कागद काढला. त्यात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कागद त्यांनीच लिहिला होता. त्यांनी तो उलटून पाठीमागेही पाहिलं.

"म्हणजे झाडं वाढली नाहीत."

"माहीत नाही, सर."

"आणि ती रोडावलेली कुणी मोजली होती?"

"माझ्या दादाने. त्याच्या आधी त्याच्या कॅप्टनने. त्याच्या आधी... सगळे बास्केटबॉलवालेच, सर."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

"मग ती रोडावलीच नसतील?"

"तेही माहीत नाही, सर."

"माहीत नाही!" सर ओरडले आणि हसतच सुटले. "इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी रडतोय, आणि ती कदाचित मजेत असतील!"

सभेत त्यांनी ही फजिती स्वतःच सांगितली. मग रंगाचा डबा घेऊन ते पिटुकलीसोबत जंगलात गेले आणि झाडाझाडावर ठरलेल्या उंचीची रेघ मारली. ती तिच्या हनुवटीपाशी आली. दर झाडापुढे सर पुटपुटत होते, "माफ कर बाबा."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि एक विनोद सांगितला. विनोद अगदीच टुकार होता. पिटुकली मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.