केंब्रिजची पाच देवळं, दोनदा

गावात कुणी इचारलं की मी सांगते, केंब्रिजला जाऊन पाच देवळं बघितली, आन् पाचही दोन-दोन येळा बघितली. शेजारची गिताबाई लगीच नाक मुरडती, "एवढ्या लांब जाऊन तेच तेच काय बघायचं गं अनसाबाई?" तिला सगळं कळायलाच लागतंय. पर तिला मी कारण सांगितलं न्हाई. आज सांगते, कारण पोटात ठिवून ठिवून आता मलाच जड व्हायला लागलंय.

दोन हजार तीन सालच्या एप्रिलात मी आन् आमचे मालक, तात्याबा, लेकीकडं इंग्लंडला गेलो. आमी खुटबावचे. माझं लगीन झालं तवा घरात मेंढरं व्हती, वरसातले आठ म्हैने पायाला भिंगरी. आता ऊस हाय, पक्कं घर हाय, थोरला शंभू शेती बघतोय. धाकटी प्रगती. ती खुटबावातनं दौंडला शिकली, दौंडातनं पुण्याला गेली, आन् तितनं शिष्यवृत्ती मिळवून थेट केंब्रिजला. शिकली काय, तर मेंढरांच्या पोटातले जंत! मी म्हणलं, "अगं बया, त्यासाठी इमानात कशाला बसायचं? आपल्या आज्याच्या मेंढरांच्या वाडग्यात पायजेल तेवढे व्हते की!"

शिक्षण संपलं आन् तिनं तितल्याच एका जुन्या कॉलेजात नोकरीचा अर्ज टाकला. शेकड्यांनी अर्ज, आन् घ्यायचा एक. निकाल आमी तितं असतानाच, शुक्रवारी लागणार व्हता. मिळाली तर लेक आणखी चार वर्सं तितंच, आन् पुढचं कुणी बघितलंय? न्हाई मिळाली तर शिरूरच्या कॉलेजात एक जागा निघाली व्हती, तितं ती येणार. शिरूर म्हंजी आमच्यापासनं दीड-दोन तासाची एसटी. दर रविवारी लेक घरी, माझ्या हातची भाकरी खायला. आता तुमीच सांगा, आईनं काय मागावं?

मी तर ठरवूनच गेले व्हते. पदराच्या गाठीला बिरोबाचा भंडारा बांधून घेतला. शिरूरचे चांदभाई, मालकांचे मेंढराच्या बाजारापासनचे मैतर, त्यांच्या जीपनं आमाला मुंबईला सोडाया आले. वाटेत म्हणले, "वहिनी, तितल्या देवळात चपला काढू नका बरं. माझा भाचा सांगत व्हता, तितं कुणी काढत न्हाई." मी व्हय म्हणलं. चांदभाईंना न्हाई म्हणून वाद कुणी घालायचा, मुंबई येईपर्यंत त्यांचं तोंड बंद झालं नसतं.

मंगळवारी प्रगतीनं आमाला फिरवायला काढलं. पैलं देऊळ, म्हंजी त्यांचं चर्च, एका कॉलेजातलं. बाई बाई बाई, काय ती उंची! पाचशे वर्सं झाली म्हणं, आन् मधी एक खांब न्हाई. वरचं छप्पार दगडाचं, पर उघडलेल्या छत्रीच्या काड्या असत्यात ना, तसा दगड पसरलेला. खिडक्यांच्या काचा लाल, निळ्या, आन् त्यातनं ऊन आत येऊन फरशीवर सांडलेलं. मालक मान वर करून बघत बघत एका गोऱ्या बाईच्या पायावर पडता पडता राहिले. आमी दोघांनी दारातच पायताणं काढली व्हती. फरशी अशी गार की पोटऱ्या आखडल्या. प्रगती म्हणली, "आये, घाल गं, आजारी पडशील." म्हणलं, "देवाच्या दारात मला शिकवू नगंस."

ती मालकांना काचेवरच्या चित्रांची गोष्ट सांगायला लागली, तवर मी भिंतीकडं सरकले. गाठ सोडली, चिमूटभर भंडारा भिंतीच्या बुडाला वाहिला, आन् हळूच म्हणलं, "देवा, तुझं नाव मला ठावं न्हाई, राग मानू नगंस. माझ्या लेकीला हितली नोकरी मिळू देऊ नगंस. तिला शिरूरला धाड."

तसंच दुसऱ्या देवळात. ते आख्खं गोल, उसाच्या गुऱ्हाळाची चुलवण असती तसं, आन् आठ जाडजूड खांब. तिसरं बाजारापाशी, त्याच्या बुरजावर मालक शंभरावर पायऱ्या चढून गेले आन् वरनं मला हात करीत बसले. ते वर असतानाच मी खाली माझं काम उरकलं. बुधवारी आणखी दोन झाली. चौथं एवढंसं, पुलाच्या अलीकडं, आत ताज्या फुलांचा वास. पाचवं नदीपल्याड चढावर, त्याच्या कडंनं जुन्या समाध्या आन् गुडघाभर गवत. पाच ठिकाणी पाच चिमटी, मागणं एकच.

प्रगती आपली खूश. "आये, तुला एवढं आवडंल असं वाटलं न्हवतं गं," म्हणली. मी आपली पदराची गाठ घट्ट केली.

बेस्तरवारी दुपारी ती आमाला तिनं अर्ज केलेलं कॉलेज दाखवायला घेऊन गेली. मोठ्या दरवाजातनं आत गेलं की चौकोनी चौक, चारी बाजूंनी दगडी इमारती, आन् मधोमध गवत. तसलं गवत मी जलमात बघितलं न्हवतं. हिरवंगार, एक काडी वर न्हाई की एक खाली न्हाई. नदीकाठच्या कुरणात गाया चरताना कालच बघितल्या व्हत्या, पर हितं चिटपाखरू न्हवतं. प्रगती कुणा वळखीच्या पोरीशी बोलाया थांबली, मी पदर सावरत व्हते, तवर मालक गेले की गवतात! सरळ मधोमध जाऊन उकिडवे बसले, हातानं गवत चाचपलं, एक काडी उपटली आन् घातली तोंडात. धनगराची जात, गवत दिसलं की चावून बघायचं. सवय जाती का?

तेवढ्यात डोक्यावर काळी गोल टोपी घातलेला राखणदार कोपऱ्यातल्या खोलीतनं वरडत पळत आला. हातानं खुणा करतोय, निघा, निघा. आन् आमचे मालक उठले, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली, आन् पाठ वाकवून मागं मागं सरकायला लागले.

ती वाकलेली पाठ बघितली आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाठ मला पाठ हाय. लगीन झालेल्या वर्सी कोरेगाव भीमाच्या शिवारात आमची मेंढरं बांधावरनं एका रानात घुसली व्हती. रानाचा धनी काठी घेऊन आला, "काढ रं बाहीर!" म्हणत. तवा बी हे असंच हात जोडून मागं सरकले व्हते. त्यानंतर किती गावं, किती रानं, किती काठ्या, मोजदाद न्हाई. आन् आता साठी उलटल्यावर, कोट घालून, लेकीच्या गावात येऊन, परत तेच?

मी गेले तरातरा. "का रं ए टोपीवाल्या! म्हातारं काय तुझं रान खाऊन संपवणार हाय का? एक काडी घेतली तर एवढा घसा फोडतोस? काल नदीवर गायांना चरू देता, आन् माणसाला न्हाई व्हय?"

त्याला कळलं न्हाई, पर समजलं असणार. बिचाऱ्यानं टोपी काढली आन् सॉरी सॉरी करायला लागला. प्रगती पळत आली, लाजंनं लाल झालेली. त्याच्याशी दोन शब्द बोलली आन् आमाला बाजूला घेतलं. "आये, त्यांची चूक न्हाई गं. ही बघ पाटी. हितं फक्त कॉलेजच्या मास्तर लोकांनीच गवतावर चालायचं. शेकडो वर्सांचा नियम हाय."

मालक पाटीकडं बघत व्हते. काडी अजून तोंडातच. तसंच त्यांनी इचारलं, "तुजा जो अर्ज हाय, ते बी मास्तरच का?"

"व्हय आबा."

"म्हंजी तुला मिळालं, तर तू चालणार हितनं?"

"मी चालणार, आन् माझ्यासंगं जो येईल तो बी. तुमाला कुणी बोट दाखवणार न्हाई."

मालकांनी काडी तोंडातनं काढली, तिच्याकडं बघितलं, खिशात ठिवली. "मंग मिळायला पायजे गं," म्हणले. तीन वर्सांत ह्या माणसानं लेकीपाशी एक शब्द काढला न्हवता, हे मिळव का ते मिळव. आज पैल्यांदा बोलले.

निकाल उद्यावर, आन् मी पाच देवांकडं उलटंच मागून बसलेली!

"प्रगते, चल."

"कुठं?"

"देवळं बघायला. पाचही."

"आये, काल-परवाच तर बघितलीस!"

"नीट बघितली न्हाईत."

मालक म्हणले, मी हितंच बाकावर बसतो, माझे पाय दुखायलेत. खरं तर त्यांना त्या टोपीवाल्याशी दोस्ती करायची व्हती, नंतर बघितलं तर दोघं चहा पीत बसलेले.

मी प्रगतीला असं पळवलं की ती धापा टाकायला लागली. छत्रीच्या छपराच्या देवळात माझा भंडारा फटीत तसाच व्हता. बोटानं टिपून घेतला, गाठीत बांधला, म्हणलं, "देवा, मंगळवारी मी जे बोलले ते ऐकलं नसशील तर बरंच झालं, ऐकलं असशील तर सोडून दे." गोल देवळातला घेतला. बाजारापाशी कुणीतरी झाडून काढलेलं, मग तितली धूळच चिमूटभर उचलली. फुलांच्या देवळात बाकाखाली शिरावं लागलं, तर प्रगती म्हणती, "आये, काय हरवलंय का?" म्हणलं, "हरवलं न्हाई, ठिवलं व्हतं."

पाचव्या देवळाचं दार बंद! पाच वाजून गेले व्हते. आता आली का पंचाईत. मी दार बडवलं. कुणी उघडंना. मग तोंड किल्लीच्या भोकाला लावलं आन् आत वरडले, "देवा, दार लावलंस तरी ऐक! माझं मागणं मला माघारी दे!"

प्रगती डोक्याला हात लावून बसली. तेवढ्यात खडखड करून दार उघडलं. आत एक साठीची बाई, काळा सदरा, गळ्याला पांढरी पट्टी. ती तितली पुजारीण निघाली. बाईमाणूस पुजारी, मला बरंच वाटलं. तिनं काहीतरी इचारलं.

"आये, त्या इचारत्यात, तुमाला काय पायजे? मी काय सांगू?"

आता पळायला जागा न्हवती. मी म्हणलं, "सांग तिला. काल मी हितं मागितलं की माझ्या लेकीला हितली नोकरी मिळू नये. ते मला माघारी घ्यायचंय."

प्रगती सांगायचं सोडून माझ्याकडं वळली. "पाचही ठिकाणी?"

"पाचही ठिकाणी."

"आये!" तिचे डोळे भरले. "मी तीन वर्सं राबतीय, आन् तू देवाला..."

"मला तू घरी पायजे व्हतीस गं. रविवारच्या रविवार का व्हईना. तू गेल्यापासनं मी भाकरी थापते ती तीनच, आन् हात चौथीच्या पिठाकडं जातोच." मी पदरानं नाक पुसलं. "पर आज आबांची पाठ बघितली. आता मला तसं नगं. तू चाल त्या गवतातनं."

प्रगती रडत रडत पुजारीणबाईला सगळं इंग्रजीत सांगत राहिली. बाई नीट ऐकत व्हती. मग तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आन् बोलली. प्रगती एकदम हसलीच. "आये, त्या म्हणत्यात, त्यांचा पोरगा ऑस्ट्रेलियात हाय. त्या बी रोज हितं हेच मागत्यात, आन् देव त्यांचं बी ऐकत न्हाई. तू घोर करू नगंस."

मग आमी तिघी आत गेलो. माझी चिमूट मी उचलली. पुजारीणीनं मेणबत्ती लावली, कुणासाठी ते मी इचारलं न्हाई.

शुक्रवारी दुपारी फोन आला. प्रगती पळत जाऊन मालकांच्या गळ्यात पडली. माझा जीव भांड्यात पडला, आन् त्याच दमाला शिरूरची एसटी निघून गेली तसं बी वाटलं. दोन्ही खरं हाय.

आमी तिघं त्या चौकात गेलो. नोकरी सुरू व्हणार व्हती ऑक्टोबरात, तवर नियमानं तिला बी गवतावर पाय ठिवता येत न्हवता. प्रगती काठाशीच थांबली. टोपीवाला खोलीतनं भाईर आला, मालकांचा हात दाबून हलवला, प्रगतीला टोपी काढून वाकून काहीतरी म्हणला. आन् मग आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं असा बघत उभा राहिला, जशी भिंत आजच बांधलीय.

मालकांनी बूट काढले. मोजं बी काढलं. प्रगतीनं त्यांचा हात धरला आन् ते गवतातनं चालले, ताठ, मान वर, घाई न्हाई. मधोमध जाऊन थांबले. मी मागनं गेले, गाठ सोडली. पाच देवळांची धूळ मिसळलेला भंडारा व्हता, तो लेकीच्या कपाळाला लावला. मग मात्र मला आवरंना, तितंच बसकण मारून हमसाहमशी रडले.

मालक म्हणले, "अनसे, बास कर. गवत खारट व्हईल."

म्हणलं, "व्हऊ द्या. लेकीचं हाय."