बाटलीभोवतीचा कागद

औषधांच्या दुकानातल्या कंपाउंडरला देवानं एकच गुण दिला होता: तो कुणाचंही अक्षर वाचायचा. डॉक्टरांनी कुत्र्याचे पाय मांजराला लावावेत आणि यानं त्यातून खोकल्याचं औषध अचूक काढावं. बायको म्हणायची, "देव गुण वाटत होता तेव्हा तुम्ही रांगेत शेवटी होतात वाटतं. उरलंसुरलं पदरात पडलं." त्यालाही ते पटलं होतं.

शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या घरातली सून रिकामी बाटली घेऊन आली. तसलंच औषध हवं होतं. बाटलीला कागद गुंडाळलेला. सवयीनं त्यानं आधी तोच उलगडून वाचला: "रेडिओ बंद करा."

"वहिनी, हे कसलं औषध?"

"अहो, ते मामंजींचं गिरबटणं! अर्धांगानं वाचा गेली. डावा हात दिवसभर रेघोट्या ओढतो. डॉक्टर म्हणाले, समजच उरली नाही. सोमवारी वृद्धाश्रमात ठेवतोय." तिनं डोळे पुसले. "मला एकटीला उचलवत नाहीत हो. करमावं म्हणून रेडिओ तेवढा लावून ठेवते."

"असे आणखी कागद आहेत?"

"पोतंभर. रद्दीत."

गल्ला मालकावर सोपवून तो तिच्यामागे निघाला. खोलीत रेडिओ गळा काढत होता. खाटेवर म्हातारे, नजर छताला. कंपाउंडर एकेक कागद उजेडात धरून वाचू लागला.

"'उशी उंच कर.' 'रेडिओ.' 'रेडिओ!' 'सूनबाई, तू जेवलीस का?'"

सून भिंतीला टेकली.

उशाशी आज सकाळचा कागद होता. "'सोमवारी नको.'" त्यावर एवढंच होतं. हजारो चिठ्ठ्या त्यानं वाचल्या होत्या. चिठ्ठीच्या आत बसलेला माणूस आज पहिल्यांदा दिसला. देवळातही त्याचे हात असे आपोआप जुळले नव्हते.

सुनेनं रेडिओ बंद केला. "मामंजी, तुम्हाला सगळं कळत होतं?"

म्हाताऱ्यांनी पेन्सिल उचलली. बराच वेळ फक्त तिची खरखर. कंपाउंडर वाकला आणि डोळ्यांत पाणी असतानाच खो खो हसला.

"काय म्हणतात, भाऊ?"

"म्हणतात, गाणीसुद्धा भिकार होती."

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, सोमवारचं रद्द करा. घरी या, बाबा बोलतायत!"

"उचलायला दुपारच्या सुट्टीत मी येत जाईन," कंपाउंडर म्हणाला.

"या. आणि मला हे अक्षर शिकवा," म्हणत ती पेन्सिलीला टोक करायला बसली.