फुलपात्रभर पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजायचं भांडं म्हटलंत तरी चालेल. माझं अंग जस्ताच्या पत्र्याचं आहे आणि तोंडाला पितळेचा गोल काठ आहे. आत एक नरसाळं असे आणि त्याच्या खाली काचेची बाटली. तोंडात पडलेला थेंब नरसाळ्यातून घरंगळत बाटलीत उतरायचा आणि तिथे गुपचूप बसून राहायचा. ती बाटली आता नाही. तिच्याविषयी पुढे सांगेन.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. भुसा भरलेल्या खोक्यातून मी आगगाडीने दोंडाईच्याला आलो आणि तिथून बैलगाडीने बोरझिरीला. पश्चिम खानदेशातलं हे लहानसं गाव. मला उघड्यावर बसवायचं होतं, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, म्हणून शाळेमागची मोकळी जागा निवडली. ओटा बांधायला सुपडू गवंडी आला. त्याने आयुष्यभर देवळांचे आणि तुळशीचेच ओटे बांधले होते. हात सवयीने चालला. चौकोनी ओटा झाला, मधोमध मी उभा राहिलो, आणि पाणी वाहून जायला सुपडूने उत्तरेकडे एक सुबक पन्हळ काढली. महादेवाच्या पिंडीला असते तशीच.

काम पाहायला आलेला ओव्हरसियर म्हणाला, "सुपडू, हे काय केलंस?"

"पानी कोठे तरी जावाले पाहिजे ना, साहेब," सुपडू म्हणाला.

ओव्हरसियरला गाडी गाठायची होती. पन्हळ राहिली. गोल काठ, चौकोनी ओटा आणि उत्तरेला पन्हळ. बायका शेतावर जाताना हात जोडू लागल्या. कुणीतरी माझं नाव 'मापदेव' ठेवलं आणि पहिल्याच श्रावणात माझ्या पितळी काठाला कुंकू लागलं.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुंकवाने मोजमाप बिघडत नाही. त्या काळात लोक नव्या वस्तूंना असंच घरात घेत. पहिल्या निवडणुकीच्या लोखंडी पेट्या शाळेत आल्या, तेव्हा त्यांनाही हळदकुंकू लागलं होतं. स्वराज्य म्हणजे काय हे मला नीट कळत नव्हतं. पण माझ्या समोरच्या काठीवर झेंडा चढायचा आणि भाषणं व्हायची. आता सगळे सारखे, असं त्या भाषणांत असायचं. मी ऐकायचो आणि गावच्या विहिरीकडे बघायचो. तिथे काही बायका रहाटाला हात लावत, आणि काही बायका लांब बसून, कुणी आपल्या घागरीत ओततं का, याची वाट बघत. पाऊस मात्र माझ्या तोंडात पडताना कुणाच्या शेतावरून आलो हे सांगत नसे. मला तेवढाच सारखेपणा ठाऊक होता.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. शाळेचे गुरुजी रोज सकाळी आठ वाजता यायचे. बाटलीतलं पाणी मापाच्या पेल्यात ओतायचे, पेला डोळ्यासमोर धरून आकडा वाचायचे आणि मुलांना सांगायचे, "बघा, हे भांडं कधी वाढवून सांगत नाही, कधी कमी करून सांगत नाही." मला फार अभिमान वाटे. पुढे गुरुजींची बदली झाली आणि नवे गुरुजी लवकर आले नाहीत. तेव्हापासून तालुक्याचा कारकून अभिमन बाजाराच्या दिवशी सायकलवर येऊन आठवड्याचं पाणी एकदम मोजून नेऊ लागला. माणूस सरळ होता. काठावरचं कुंकू तो पुसत नसे, कारण दसऱ्याला त्याच्या सायकललाही कुंकू लागत असे.

मग ते वर्ष आलं. मृगात थोडं शिंपडून गेलेला पाऊस पुन्हा आलाच नाही. कपाशी वीतभर वाढून वाळली. विहिरीत खाली चिखल राहिला, आणि घरोघर लोक पाणी मोजून वाटून घेऊ लागले.

शाळेजवळच्या पहिल्याच घरात भिकुबाई राहायची. नवरा मागेच गेलेला. एकुलता एक मुलगा निंबा आणि सून कुंदाबाई. निंबा रोज ओट्याशी बसून गावातल्या माणसांशी एकच बोलणं बोलायचा. सरकार नाल्यावर बांध घालायचं दुष्काळी काम काढणार होतं. ज्या गावांत पाऊस कमी, त्या गावांना काम. काम निघालं तर गावातच मजुरी मिळणार होती. नाही निघालं तर निंबा आणि कुंदाबाई तापीपलीकडे यावलला केळीच्या बागांत मजुरीला जाणार होते.

"मायले लई जाय," कुणी म्हणे.

"माय येत नही," निंबा म्हणे. "तिना जीव आठेच शे." आठे म्हणजे इथे.

भिकुबाई दारात बसून हे सगळं ऐकायची.

त्याच सुमाराला गावाने महादेव कोंडला. म्हणजे देवळाच्या गाभाऱ्याची मोरी बंद करून, पिंडी बुडेपर्यंत पाणी भरलं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, अशी त्यांची श्रद्धा. होतं नव्हतं ते पाणी लोकांनी तिथे नेऊन ओतलं. देव पाण्यात असेपर्यंत बोरझिरीत एक नेम पाळत. 'पाऊस नाही' असं कुणी तोंडाने म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर 'येस' म्हणायचं. खानदेशी बोलीत येस म्हणजे येतो.

भिकुबाईला गाभाऱ्यातल्या गर्दीत शिरणं जमेना. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुंदाबाई उठायच्या आत, ती माझ्यापाशी आली. हातात एक फुलपात्र होतं, तिच्या स्वतःच्या वाट्याच्या पाण्याने भरलेलं. तिने ते हळूहळू माझ्या तोंडात ओतलं.

"मापदेवा," ती पुटपुटली, "मी तुले मना वाटानं पानी देस. मना निंबाले आठेच ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, इथे मला थोडं गणित सांगावं लागेल. माझं तोंड पाच इंच रुंद. तेवढ्या तोंडात जेवढं पाणी पडतं, तेवढंच सगळ्या शिवारावर पडलं, असं माझ्यावरून धरतात. म्हणून माझ्यातलं एक फुलपात्र म्हणजे घोटभर पाणी नव्हे. ओढे वाहू लागतील, वावरात पाय रुतेल, असा पाऊस तो. त्या दिवसापासून भिकुबाई रोज पहाटे सगळ्या बोरझिरीवर असा पाऊस पाडून जात होती, आणि तिचे ओठ मात्र कोरडे असत.

मला ओरडावंसं वाटे. पण मला तोंड आहे ते फक्त घेण्यासाठी. बोलण्यासाठी नाही.

घरात कुंदाबाईला संशय आला. "माय," ती एकदा दारातून म्हणाली, "मडकामा मांजर तोंड घालस का? सकायले पानी कमी कसं व्हस?"

"व्हई मांजर," भिकुबाई म्हणाली. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, असं ती मानत होती.

"मांजरले दोन पाय ऱ्हातस का?" कुंदाबाईने विचारलं. भिकुबाई ऐकू न आल्यासारखी सुपात ज्वारी पाखडत राहिली.

बाजाराच्या दिवशी अभिमन आला. त्याने बाटली काढली आणि चकित होऊन आभाळाकडे पाहिलं. जमीन कोरडी होती. पण खानदेशात असं होतं. एका गावाला पाऊस झोडपतो, शेजारचं गाव धूळ खातं, आणि त्या उन्हात दोन दिवसांत जमीन पुन्हा भेगाळते. त्याने पारावर बसलेल्या गिरधर आबा पाटलांना हाक मारली.

"आबा, पाऊस येतो म्हणायचा तुमच्याकडे?"

आबांनी देवळाकडे नजर टाकली. "येस," ते म्हणाले.

"हे साहेबाचं येस, का खानदेशी येस?"

"दोन्ही धरा, भाऊसाहेब."

पारावरची मंडळी हसली. अभिमनही हसला. नेम पाळला म्हणून आबांना समाधान वाटलं आणि खुलासा झाला म्हणून अभिमनला. त्याने आकडा लिहून घेतला आणि सायकल दोंडाईच्याच्या वाटेला लावली. पुढच्या बाजारीही असंच झालं. महादेव अजून पाण्यातच होता.

काम निघालं ते शेजारच्या गावांत. बोरझिरीचं नाव त्यात नव्हतं. गावात एकच गलका झाला, नेम मोडला, गाभाऱ्याची मोरी उघडली. आबांनी धुळ्याला अर्ज धाडला की आमच्याकडे पाऊस नाही आणि प्यायला पाणी नाही. शेवटी एक साहेब जीपमधून चौकशीला आले. सगळं गाव माझ्याभोवती जमलं. अभिमन मान खाली घालून उभा होता.

"इथे पाऊस झालेला आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, कोठे पडना? आम्हले दखाडा," निंबा म्हणाला.

साहेबांनी माझ्या काठावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. "माणसं कामासाठी काहीही सांगतात. या यंत्राला गाव नाही, जात नाही, पोट नाही. हे कशाला खोटं बोलेल?"

तोवर ऐकून घेणारी भिकुबाई एकदम पुढे आली. माझ्याकडे पाहता पाहता तिचा चेहरा बदलला होता. कोणत्या पाण्याबद्दल बोलणं चाललंय, हे तिला उमगलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "ते पानी देवनं नही. मी रोज सकायले याना तोंडमा पानी टाकस. फुलपात्र भरीसन."

मला वाटलं, आता सुटलो.

साहेबांनी तिला नीट न्याहाळलं. ते रागावले नाहीत, हेच जास्त वाईट. "बाई," ते शांतपणे म्हणाले, "अर्जात लिहिलंय की गावाला प्यायला पाणी नाही. आणि तुम्ही म्हणता, रोज पाणी इथे ओतत होता. दोन्हींपैकी एकच खरं असणार."

दोन्ही खरं होतं. पण तहानलेला माणूस पाणी का ओतून टाकतो, हे साहेबांना समजेल असे शब्द तिच्याजवळ नव्हते. माझ्याजवळ तर कसलेच नव्हते. धुरळा उडवत जीप निघून गेली.

गिरधर आबा हळूच हसले. "भिकू अक्का, डोकं तं भारी चालवं तू. पन साहेब हुशार निंघना."

"आबा, मी खरं सांगं."

"हा, हा, खरंच," आबा म्हणाले, आणि सगळे हसले.

निंबा हसला नाही. तो आईच्या फुटलेल्या ओठांकडे पाहत होता. "माय," त्याने विचारलं, "तुना वाटानं पानी?"

तिने होकारार्थी मान हलवली. सगळ्या गावात त्या एकट्यानेच तिच्यावर विश्वास ठेवला, आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता.

दोन दिवसांनी ती दोघं यावलच्या वाटेला लागली. निघण्याआधी कुंदाबाईने कुठून कुठून पाणी मिळवून सासूचं मडकं काठोकाठ भरलं. "माय, आते हाई तुम्हीनच प्या," ती म्हणाली, आणि डोक्यावर गाठोडं घेऊन भराभर चालू लागली. भिकुबाई माझ्या ओट्याला टेकून, ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मी तिच्या पाठीशी होतो. तिला आधार झाला असेल तर तो सुपडूच्या चुन्याचा. माझा नाही.

पुढच्या वर्षी पाऊस आला. निंबा आला नाही. त्याला बागेत कायमचं काम मिळालं होतं. दिवाळीला तो यायचा आणि म्हणायचा, "माय, चाल."

"मी गऊ तं याना तोंडमा कोनी पानी टाकी दी," ती म्हणायची.

ती खरोखरच राखण करायची. तांब्या घेऊन कुणी बाई माझ्याकडे वळली की भिकुबाई काठी आपटत दारातून उठायची. "हाऊ देव नही, माय. हाऊ मुनीम शे. जे पडस ते सांगस."

"मंग देव कोठे शे?" एका पोरीने विचारलं.

भिकुबाईने पोरीच्या तांब्यातलं पाणी तिलाच प्यायला लावलं.

काही वर्षांनी इंच जाऊन मिलिमीटर आले. नवा पर्जन्यमापक बसला आणि मला ओट्यातून उपटून काढलं. अभिमनने बाटली आणि नरसाळं कचेरीत जमा केलं. उरलेलं भांडं टाकून देणार कसं? त्याला कुंकू लागलेलं होतं. गावकऱ्यांनी मला महादेवाच्या देवळाबाहेर लिंबाखाली गळ्यापर्यंत पुरलं. बुडाला आता भोक पडलं आहे. बायका पाणी ओततात आणि ते सरळ मातीत जातं. लिंब चांगलाच फोफावला आहे.

एका सकाळी भिकुबाई काठी टेकत आली. अंगाने अगदी वाळली होती. तिने माझ्या तोंडात हात घातला आणि बाटली नाही ना, हे चाचपून पाहिलं. पुन्हा एकदा चाचपलं. मग पदराआडून आणलेलं पाण्याचं फुलपात्र सगळं माझ्यात ओतलं.

"आते पी," ती म्हणाली.

मित्रांनो, मी एवढंच सांगू शकतो की माझ्यात किती पाणी पडलं. ते आभाळातून पडलं की कुणाच्या हातून, हे मला सांगता येत नाही. कोणत्याच मापाला ते येत नाही. म्हणून माझ्यासारखं एखादं भांडं कुठे दिसलं, तर त्याला स्वच्छ ठेवा, त्यात काही टाकू नका. आणि त्याचा आकडा घेऊन निघण्याआधी शेजारच्या दारात बसलेल्या बाईला एकदा विचारा. तिचं म्हणणं तुम्हाला पटणारं नसेल. तरी सायकलवर बसण्याआधी ते पुरतं ऐकून घ्या.