डबा खाली करू नका

कुणाचं घर पाडायचं असो की नुसतं आवरायचं, दारात लोखंडी डबा उभा राहायचा तो वहिनींचाच. खोलीएवढे मोठे, मागून दार उघडणारे डबे त्या भाड्याने देत. गिऱ्हाईक त्यात राडारोडा भरायचं आणि त्यांचा दीर ट्रकने डबा उचलून कचरा डेपोवर खाली करून आणायचा. नवरा गेल्यावर हा धंदा दोघांनी मिळून ओढला होता. ‘डबेवाल्या वहिनी’ हे नाव मात्र नको तिथे पोचलं होतं. मधूनच कुणाचा तरी फोन यायचा, “वहिनी, आज भाजी कुठली?”

“विटा आहेत. चावता येत असतील तर पाठवते.”

त्या दुपारी फोन वाजला तेव्हा त्या असंच काहीतरी बोलायच्या तयारीत होत्या.

“वहिनी, तुमचा डबा कुठाय?” थोड्या वेळापूर्वी जिच्या दारातून डबा उचलला होता, ती बाई.

“गेला की डेपोवर. का हो, काही भरायचं राहिलं?”

“माझे वडील सापडत नाहीत.” तिला धड बोलता येईना. “त्यांचा जुना सोफा आम्ही डब्यात टाकला, तर सकाळपासून ते आत जाऊन त्याच्यावरच बसत होते. हाताला धरून आणलं तरी पुन्हा तिथंच. आता घरात नाहीत, गल्लीत नाहीत. आणि डबा होता तिथं त्यांची एक चप्पल पडलीय.”

म्हातारा माणूस, सोफ्यावर डोळा लागला असेल. वरून ताडपत्री आवळली की आत कोण आहे, कुणाला दिसणार?

दिराला फोन लावला. नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही ताकीद त्यांचीच. एरवी काही म्हणता काही न ऐकणारा माणूस नेमकं एवढंच ऐकत होता.

त्यांनी स्कूटर काढली आणि निघता निघता डेपोच्या फाटकावर फोन केला. “आमचा ट्रक आला तर अडवा. डबा खाली करू देऊ नका!”

“तो मघाशीच आत गेला, वहिनी.”

“मग पळा!”

त्या पोचल्या तेव्हा डबा हवेत तिरका उभा होता, मागचं दार लोंबत होतं आणि खाली ढीग पडला होता. फाटकावरचा माणूस धापा टाकत बाजूला उभा. त्याला उशीर झाला होता. ढिगातून सोफ्याचा फाटका फोम डोकावत होता. वहिनी कशाचाही विचार न करता ढिगात शिरल्या आणि हातांनी फरश्यांचे तुकडे, दाराच्या फळ्या बाजूला फेकायला लागल्या. “आजोबा! अहो आजोबा!”

“वहिनी, काय हरवलं?”

त्यांनी मान वळवली. ट्रकच्या पुढून दीर येत होता. त्याच्या दंडाला धरून, एका पायात चप्पल घातलेले एक आजोबा.

“हे... हे कुठं होते?”

“माझ्या शेजारी, केबिनमध्ये. सोफ्याबरोबर येतो म्हणाले. घरी सांगितलंय म्हणाले.”

“सांगितलं होतं,” आजोबा ठामपणे म्हणाले. “लेक मिक्सर लावून उभी होती. ऐकलं नसेल.”

वहिनी तिथंच विटांवर बसल्या. हात खरचटले होते, आणि हसू की रडू ते त्यांना कळेना. दोन्ही एकदमच आलं. मग त्यांनी फोन लावला. “सापडले. धडधाकट आहेत. केबिनमध्ये ऐटीत बसून आले.” पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके ऐकू आले.

आजोबा ढिगाकडे बघत होते. “त्या सोफ्यावर आमच्या हिनं सगळं आजारपण काढलं. ती गेली तेव्हा मी स्वतःच इस्पितळात. पोचवायला जाता आलं नाही. म्हटलं, निदान याला तरी एकट्याला नको पाठवायला.”

दीर टोपी काढून उगाच झटकत राहिला.

“झालं मनासारखं?” वहिनींनी हळूच विचारलं.

“झालं.” आजोबांनी मोठा श्वास सोडला. “आता चला. भूक लागलीय मला.”

वहिनींनी स्कूटर फाटकापाशीच ठेवली आणि त्या ट्रकमध्ये आजोबांच्या शेजारी चढून बसल्या. डबा रिकामा असल्याने वाटेत प्रत्येक खड्ड्यात दणदणत होता. आजोबा खिडकीबाहेर बघत, कुणाचं दुकान कुठं होतं आणि आता तिथं काय झालंय, ते सांगत राहिले. वहिनी सगळ्याला “हो का?” म्हणत होत्या. ऐकत काहीच नव्हत्या. त्यांना फक्त तो आवाज चालू राहायला हवा होता.